अन्नछत्रात नोकरी करणारा माणूस का येतो?

प्रश्न थोडक्यात असा: उपनगरातल्या एका वस्तीत मंदिरांची दोन मंडळे आहेत, एक बुद्धविहार, एक मशीद आणि एक चर्च आहे. सगळीकडे अन्नदान, वह्यावाटप, रेशन किट, आरोग्य शिबिरे चालतात. दहा वर्षांत रांग काही कमी झाली नाही. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये धर्मसंस्थांनी एकत्र येऊन पगार वाढवून घेतले, घरे बांधून घेतली असे ऐकले. ते नेमके कसे करतात आणि आपल्याकडे त्यातले काय चालेल?

सुरुवात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरापासून करू, कारण तुमची रांग आणि तिथली रांग यांत फारसा फरक नाही. तिथे चर्चची ‘बिल्ड’ नावाची संघटना १९७७ पासून आहे. नव्वदीच्या सुरुवातीला तिथल्या पाद्र्यांना एक गोष्ट खटकू लागली. अन्नछत्रात जेवायला आणि शिधा न्यायला येणाऱ्यांत दिवसभर राबणारी माणसे होती. बेकार नव्हते, व्यसनी नव्हते. मग त्यांना कामाबद्दल विचारायला सुरुवात झाली: कुठे काम करता, कोणाच्या हाताखाली, तासाला किती मिळतात? त्यातून कळले की बरेचसे साफसफाईचे वगैरे काम शहर प्रशासनाने कंत्राटदारांकडे दिले होते आणि हे लोक तिथे कामाला होते. शहर कराच्या पैशातून कंत्राट देत होते, कंत्राटदार पोट भरणार नाही इतकी मजुरी देत होता आणि उरलेले पोट चर्च भरत होते. म्हणजे शिधा गरिबाच्या हातात पडत असला तरी अनुदान कंत्राटदाराला मिळत होते. ‘बिल्ड’ने सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनशी हात मिळवला. १९९४ मध्ये शहराने कायदा केला की शहराचे कंत्राट घेणाऱ्याने ठरावीक किमान मजुरी दिलीच पाहिजे. सुरुवात तासाला ६.१० डॉलरने झाली आणि दर पुढे टप्प्याटप्प्याने वाढला. त्या वेळी देशाचा किमान दर ४.२५ डॉलर होता.

तेव्हा अन्नदान बंद करू नका. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला पिशवी देताना एक प्रश्न विचारायला लागा. पुढचे सगळे त्या उत्तरांवर उभे राहते. उत्तरे गोळा होण्याआधीच मुद्दा ठरवून बसलात तर संघटना होणार नाही, फार तर एखादा मोर्चा होईल.

या पद्धतीचे मूळ शिकागोत आहे. कत्तलखान्यांच्या मागच्या गरीब वस्तीत सॉल अलिन्स्की या संघटकाने १९३९ मध्ये पोलिश, लिथुएनियन, आयरिश अशा एकमेकांशी न बोलणाऱ्या कॅथलिक धर्मग्रामांना (पॅरिश, म्हणजे एकेका चर्चभोवतीची भाविक कुटुंबे) आणि कामगार युनियनला एका परिषदेत आणले. बिशप बर्नार्ड शील पाठीशी होते. पुढच्या वर्षी अशा संघटना उभ्या करणारे ‘इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशन’ निघाले. अलिन्स्की १९७२ मध्ये गेले. आज आपण जिला धर्माधारित संघटन म्हणतो ती पद्धत त्यांच्यानंतर, विशेषतः टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत, घडली. तिथे थोडे थांबू, कारण कामाचा नकाशा तिथे स्पष्ट दिसतो.

संघटक अर्नेस्टो कोर्तेस हे तिथलेच. शहराच्या पश्चिम भागात मेक्सिकन वंशाच्या गरीब कुटुंबांची वस्ती होती. १९७४ च्या आसपास त्यांनी पहिल्या वर्षात हजाराच्या घरात माणसांच्या स्वतंत्र भेटी घेतल्या. आंदोलनातले ओळखीचे चेहरे त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवले. धर्मग्रामाची जत्रा कोण चालवते, शाळेच्या पालकसभेत कोण बोलते, कोणाच्या घरी मयत झाल्यावर सगळ्यांचा स्वयंपाक कोण सांभाळते, अशी माणसे शोधली. यात बायका जास्त निघाल्या. चळवळीतल्या लोकांची अपेक्षा होती की पोलिसी अत्याचार आणि वंशभेद हेच मुद्दे पुढे येतील. लोकांनी सांगितले ते वेगळेच: पाऊस आला की घरात पाणी शिरते, मुले चिखलातून शाळेत जातात. गटारे. कुठल्याही घोषणेत न बसणारा मुद्दा!

मग जुन्या फायली काढल्या. या भागातल्या पाणी-निचऱ्याचे काम कर्जरोख्यांत (शहराने कामांसाठी काढलेल्या कर्जात) मंजूर झाले होते आणि तीस वर्षे तसेच पडून होते. १९७४ च्या ऑगस्टमध्ये पुराचे पाणी भरल्यावर शेकडो लोक नगरपरिषदेसमोर फाईल घेऊन उभे राहिले, महापौरांनी प्रशासकाला विचारले आणि प्रशासकाला ते कबूल करावे लागले. त्याच नोव्हेंबरात निचऱ्यासाठी सुमारे ४.६ कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर झाले. संघटनेचे नाव ‘कॉप्स’, पाया धर्मग्रामांचा, पहिले अध्यक्ष आंद्रेस साराबिया. कोर्तेस पगारी संघटक होते, अध्यक्ष नव्हते. व्यासपीठावर बोलण्याचे काम त्यांचे नव्हतेच. हा फरक पक्का लक्षात ठेवा: संघटक माणसे शोधतो आणि तयार करतो, बोलते वस्ती.

आता प्रत्यक्ष काम.

समोरासमोरची भेट हे यातले मुख्य हत्यार. नवे लोक हेच सगळ्यात आधी टाळतात, कारण त्यात काही केल्यासारखे वाटत नाही. भेट एका वेळी एका माणसाची, ३० ते ४५ मिनिटांची, ठरवून घेतलेली. फॉर्म नाही, सर्वेक्षण नाही, भेटीत समोर वही उघडायची नाही. बाहेर आल्यावर दहा मिनिटांत लिहून काढायचे. प्रश्न माहितीचे कमी आणि ‘का’चे जास्त. ‘घरात किती जण?’ यापेक्षा ‘ही खोली का बदलली?’ यातून जास्त निघते. कशाचा राग येतो, कशासाठी झोप उडते, कोणासाठी हे सगळे चालले आहे, आजवर कधी चार माणसांना घेऊन काही केले आहे का, आणि वस्तीत कोणाचा शब्द मानता. शेवटचा प्रश्न विसरू नका, त्यातून पुढच्या तीन भेटी निघतात. पूर्णवेळ संघटकाने आठवड्याला १५ भेटी कराव्यात. नोकरी सांभाळून करणाऱ्याने दोन ते तीन. पाच संस्थांतून प्रत्येकी चार जणांनी आठवड्याला दोन भेटी घेतल्या तर तीन महिन्यांत पाचशेच्या जवळ पोचता. इतक्या भेटी झाल्याशिवाय मागणी ठरवू नका.

भेटीत दोन चुका हमखास होतात. पहिली, ऐकणारा मदतनीस होतो: ‘रेशनकार्ड नाही? द्या कागद, मी करून देतो.’ त्या क्षणी भेट संपते आणि तुमच्या दारात नवी रांग सुरू होते. कागदाचे काम करायला हरकत नाही, पण वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाने. दुसरी चूक प्रवचनाची. बोलण्यात तुमचा वाटा तिसऱ्या भागाहून जास्त झाला तर भेट फुकट. या परंपरेत एक नियम आहे, त्याला ते ‘लोखंडी नियम’ म्हणतात: माणूस जे स्वतः करू शकतो ते त्याच्यासाठी कधीही करू नका. ऐकायला कठोर वाटतो आणि सेवाभावी मंडळींना रुचत नाही. तरी तो मोडला की सहा महिन्यांत संघटनेचे सेवा केंद्र होते, असेच पुन्हा पुन्हा घडलेले आहे.

भेटींतून तीस-चाळीस अशी माणसे हाती लागतात ज्यांच्या मागे आणखी माणसे आहेत. मागे माणसे आहेत की नाही हे ओळखायची परीक्षा सोपी आहे: पुढच्या गुरुवारी दहा जणांना घरी बोलवा, असे सांगा. चांगला बोलणारा तीन आणतो. कमी बोलणारी पण भिशी सांभाळणारी बाई चौदा आणते. पुढारी कोण, ते तिथे कळते. घरबैठक ८ ते १२ जणांची, दीड तासाच्या आत, एकाच प्रश्नावर: ‘या महिन्यात पैशाचा सगळ्यात मोठा ताण कशामुळे आला?’ प्रत्येकाने स्वतःचे सांगायचे, शेजाऱ्याचे नाही, देशाचे तर मुळीच नाही. बायकांची बैठक दुपारी दोन ते चार, आणि नळाला पाणी येण्याची वेळ बघून. क्षुल्लक वाटते, पण नळाच्या वेळेला ठेवलेल्या बैठका रिकाम्या जातात आणि मग ‘लोकांना पडलेलीच नाही’ असा निष्कर्ष निघतो.

समस्या आणि मागणी यांत गल्लत करू नका. गरिबी, बेकारी, महागाई, शिक्षण या समस्या. त्यांवर भाषण करता येते, सही मिळत नाही. मागणी अशी हवी की एका ठरावीक माणसाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावेच लागेल. ‘घरकामगारांना न्याय द्या’ ही मागणी नाही. ‘महापालिका रुग्णालयातल्या कंत्राटी सफाई कामगारांना दर महिन्याला पगाराची चिठ्ठी द्या आणि कापलेला पीएफ खात्यात भरल्याची पावती कंत्राटदाराचे बिल काढण्याआधी मागा’ ही मागणी आहे. तिच्यावर सही करू शकणारा अधिकारी कोण, हे शोधता येते. मागणी निवडताना तीन गोष्टी बघा: घरबैठकांत ती किती वेळा आली, चार-सहा महिन्यांत जिंकता येईल का, आणि जिंकल्यावर लोकांच्या हातात काही पडेल का.

पहिली मागणी लहानच घ्या. न्यूयॉर्कच्या पूर्व ब्रुकलिनमधल्या चर्चच्या संघटनेने सुरुवात कशाने केली? रस्त्यांच्या नावांच्या गायब झालेल्या पाट्यांनी आणि वस्तीतल्या किराणा सुपरमार्केटांतल्या सडक्या मालाने. सभासद हातात पॅड घेऊन दुकानांत गेले, माल तपासला, वजने तपासली, यादी मालकासमोर ठेवली. लोकांनी नावे ठेवली असतील: घरे जळून ओसाड पडली आहेत आणि हे पाट्यांबद्दल बोलतात. पण त्या लहान विजयांनी हजारो माणसांना कळले की आपण मागितले तर मिळते. त्याच संघटनेने १९८० च्या दशकात ‘नेहेम्या’ गृहयोजना उभी केली. बायबलमधल्या नेहेम्याने यरुशलेमची पडलेली तटबंदी लोकांकडून बांधून घेतली, त्याच्यावरून हे नाव. चर्चांच्या मोठ्या धर्मप्रांतांनी बांधकामासाठी फिरते भांडवल बिनव्याजी दिले, शहराने ओसाड जमीन आणि घरामागे १० हजार डॉलरचे बिनव्याजी कर्ज दिले. घरे साधी, रांगेने एकाला एक लागून, एकदम शेकड्यांनी बांधलेली, म्हणून स्वस्त. अशी हजारो घरे झाली आणि ती भाड्याची नव्हती, मालकीची होती. इथे खरे कारागीर दोन: वीट स्वस्त कशी पडेल हे जाणणारा जुना बिल्डर आय. डी. रॉबिन्स, आणि महापौराला न घाबरता सभेला बोलावणारी चर्चमधली माणसे. एकावाचून दुसरे अपुरे पडले असते. धर्मसंस्थांच्या संघटनेत तांत्रिक जाणकार बाहेरून आणायला लाजू नये.

मागणी ठरली की अभ्यास. सहा-सात जणांची समिती, सहा आठवडे. पैसा कुठून येतो, निर्णय कोण घेतो, त्याच्यावर कोणाचे चालते, याआधी काय मंजूर होऊन अडकले आहे. आपल्याकडे यासाठी माहितीचा अधिकार आहेच. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘कंत्राटाबाबत संपूर्ण माहिती द्यावी’ असे लिहाल तर काही हाती येणार नाही. कराराची प्रत, दर माणशी मंजूर दर, मागच्या तीन महिन्यांची बिले आणि हजेरीपट, एवढेच मागा. दर माणशी मंजूर रक्कम आणि कामगाराच्या हातात पडणारी रक्कम यांतले अंतर हेच तुमचे भाषण. पीएफचे तपासायला तर अर्जही नको. कामगाराच्या मोबाईलवर पासबुक दिसते. ते वीस जणांनी एकत्र बसून उघडले की अर्धी बैठक आपोआप होते. आणि कंत्राटदाराने दिले नाही तर मूळ मालकाची जबाबदारी राहते, ही तरतूद कामगार कायद्यात आहे. तेव्हा ‘ते कंत्राटदाराला विचारा’ हे उत्तर ऐकून परत यायचे नाही.

नंतर सभा. याला ते नुसते ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात. आपल्याकडची सवय अशी: निवेदन द्यायचे, पोच घ्यायची, साहेबांबरोबर फोटो काढायचा, ‘सकारात्मक आश्वासन’ म्हणून बातमी द्यायची. तो फोटो म्हणजे प्रकरण बंद झाल्याची पावती. अ‍ॅक्शन उलटी असते. अधिकारी किंवा नगरसेवक तुमच्या सभेला येतो, तुमच्या वेळेनुसार, तुमच्या कार्यक्रमपत्रिकेवर. सभा एक तासाची, मिनिटांत आखलेली. प्रार्थना दोन मिनिटे. कोणत्या संस्थेतून किती माणसे आली ते उभे राहून सांगणे, पाच मिनिटे. तीन कामगारांची स्वतःची हकीगत, प्रत्येकी अडीच मिनिटे, लिहून, दोनदा तालीम करून. अभ्यासातले आकडे चार मिनिटे. मग थेट प्रश्न: ‘१५ तारखेच्या आत पीएफची पावती पाहिल्याशिवाय बिल काढणार नाही, असा आदेश द्याल का? हो की नाही?’ पाहुण्याला बोलायला तीन मिनिटे, आणि वेळ संपली की अध्यक्षबाईंनी नम्रपणे थांबवायचे. सगळ्यात कठीण तेच असते. तालमीत एकाने आडमुठा साहेब व्हायचे आणि बाईंनी त्याला पाच वेळा थांबवून बघायचे. हार-नारळ-शाल नको, सत्कार केलेल्या माणसाला लगेच ‘हो की नाही’ विचारता येत नाही.

सभेची ताकद संख्येत आहे, म्हणून संख्या आधी मोजून घ्या. प्रत्येक संस्थेने लेखी आकडा द्यायचा. ‘पन्नास येतील’ म्हणाले तर पंचवीस धरा. नावांची यादी असेल तर पस्तीस धरा. आदल्या दिवशी प्रत्येक नावाला फोन गेला असेल तर चाळीस. सभा झाल्यावर त्याच दारात, लोक पांगायच्या आत, पंधरा मिनिटे मूल्यमापन: कबूल केलेला आकडा किती, आलेले किती, पाहुणा कुठे सटकला, आपले कोण अडखळले, आता कसे वाटते. हे दुसऱ्या दिवसावर ढकलले की राहून जाते आणि मग त्याच चुका घेऊन पुढची सभा होते.

दार उघडतच नसेल तर? कॉप्सच्या लोकांना १९७५ च्या सुरुवातीला शहरातले बडे व्यापारी भेटत नव्हते. शेकडो लोक एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात गेले आणि दिवसभर कोट घालून बघत बसले. दुसऱ्या दिवशी मोठ्या बँकेत रांग लावून डॉलरची चिल्लर घेतली आणि पुन्हा चिल्लरचे डॉलर. कायदा मोडला नाही, कोणाला शिवी नाही, काच फुटली नाही, आणि व्यवहार ठप्प. मजेत घ्यावे असा प्रसंग आहे, पण आंधळेपणाने उचलू नये. आपल्याकडे अशा वेळी जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते आधी पाहावे लागते, आणि सगळ्यात गरीब माणसाच्या अंगावर गुन्हा येणार नाही याची काळजी पुढाऱ्यांनी घ्यायची असते. त्या प्रकरणातली जास्त शिकण्यासारखी गोष्ट नंतरची आहे. १९९० मध्ये शहरातला लेव्हाय जीन्सचा कारखाना बंद पडून सुमारे हजार कामगार रस्त्यावर आले. कॉप्स आणि तिच्या सहयोगी संघटनेने १९९२ मध्ये ‘प्रोजेक्ट क्वेस्ट’ सुरू केला: आधी रुग्णालये आणि कंपन्यांकडून कोणत्या जागा भरायच्या आहेत ते लिहून घ्यायचे, मगच माणसांना त्या कामाचे लांब पल्ल्याचे कॉलेज-प्रशिक्षण द्यायचे, फी, पुस्तके, प्रवास आणि दर आठवड्याला समुपदेशकाची बैठक. त्या कामी मालकवर्गाला जमवणाऱ्यांत त्याच बँकेचे प्रमुख होते. ‘कायमचे मित्र नाहीत, कायमचे शत्रू नाहीत’ हे वाक्य त्या लोकांच्या तोंडी असते ते यामुळे. आणि क्वेस्टचा परिणाम चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची बरीच वर्षे तुलना करून तपासला गेला. प्रशिक्षण मिळालेल्यांची कमाई टिकून वर राहिली. तीन महिन्यांचे शिवणवर्ग घेऊन यंत्रे वाटणाऱ्या आपल्या योजनांनी हे नीट बघावे. शिकवण्याआधी नोकरी कोण देणार ते लिहून घेतलेले नसेल तर यंत्र वर्षभरात माळ्यावर जाते.

लंडनचे उदाहरण तुमच्या वस्तीला जास्त जवळचे आहे, कारण तिथे चर्च, मशिदी, शाळा आणि युनियन एकत्र आल्या. पूर्व लंडनची ‘टेल्को’ ही संघटना १९९६ ची. तिने २००१ मध्ये जगण्यापुरत्या पगाराची मोहीम सुरू केली. रुग्णालये आणि बँकांच्या उंच इमारती रात्री साफ करणारे लोक दोन-दोन नोकऱ्या करत होते, आणि पाद्री व इमाम दोघांनाही कुटुंबे मोडताना दिसत होती. एका मोठ्या बँकेच्या भागधारकांच्या सभेत रात्रपाळीच्या सफाई कामगाराने उभे राहून अध्यक्षांना सांगितले की आपण दोघे एकाच कार्यालयात काम करतो. पुढे बँकेने पगार वाढवला. २०११ मध्ये ‘लिव्हिंग वेज फाउंडेशन’ निघाले. घरभाडे, अन्न, प्रवास यांचा हिशेब करून ते दर जाहीर करते आणि मालक स्वेच्छेने स्वीकारतात. वेगवेगळ्या देवांची माणसे एकत्र कशी राहिली? धर्मावर चर्चाच केली नाही, कामावर केली.

आता आपल्याकडचे. तिकडून जशीच्या तशी उचलता न येणारी एक मोठी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या धर्मग्रामाला सभासदांची यादी असते, दर रविवारी तीच कुटुंबे येतात, वर्गणी देतात. आपल्याकडे चर्च आणि मशिदीच्या जमातीचे असेच असते, विहार समितीचे बऱ्याच अंशी. मंदिराचे तसे नाही. मंदिराचे विश्वस्त मंडळ आणि मंदिरात येणारी माणसे हे दोन वेगळे गाव असतात, आणि विश्वस्त मंडळाची जात बहुधा एकच असते. म्हणून हिंदू वस्तीत संस्था म्हणून मंदिराकडे बघू नका. भजनी मंडळ बघा, सप्ताहाची पंगत सांभाळणारे लोक बघा, दिंडीतले एकेक गट बघा, मंदिरात बसणारा पण मंदिराचा नसलेला बचत गट बघा. दिंडी चालवणाऱ्याला चारशे माणसांचे पाणी, मुक्काम, औषध, हिशेब जमतो. संघटनेला दुसरे काय लागते?

जातीचे सांगायचे तर सुरुवातीलाच बघा की व्यासपीठावर कोण बोलते आणि सतरंज्या कोण उचलते. ही कामे दर सभेला फिरती ठेवा, लेखी. नाहीतर पहिल्या वर्षात विहाराची माणसे मुकाट्याने येणे बंद करतील आणि तुम्हाला कारणही कळणार नाही. सभेची जागा शक्यतो शाळा किंवा समाजमंदिर. एकाच्या देवळात दुसऱ्याला बोलावून बरोबरी होत नाही. प्रार्थना पाळीने: एकदा अभंग, एकदा वंदना, एकदा दुआ, एकदा प्रभूची प्रार्थना, दोन मिनिटे, बाकीचे शांत उभे. शुक्रवारी दुपारी, रविवारी सकाळी आणि रमजानच्या संध्याकाळी सभा नको. खायला चहा-बिस्किटे. जेवण ठेवले की शाकाहारावरून पहिले भांडण होते आणि त्याचे कारण कधीच जेवण नसते.

राजकारणाचा भाग कायद्याचाही आहे. अमेरिकेत करमुक्त धर्मसंस्थेने उमेदवाराला पाठिंबा देऊ नये असा कायदा आहे. आपल्याकडे धर्मस्थळाची जागा राजकीय कामासाठी वापरायला १९८८ च्या कायद्याने मनाई आहे आणि धर्माच्या नावाने मत मागणे हा निवडणुकीतला भ्रष्ट आचार ठरतो. त्यामुळे नियम साधा ठेवा: सगळ्या पक्षांना बोलवायचे, कोणाचाही प्रचार नाही, पदाधिकाऱ्याने उमेदवारी घेतली की त्याच दिवशी पद सोडायचे. निवडणुकीच्या आधीचे तीन महिने मागणी लेखी कबूल करून घ्यायला उत्तम असतात आणि संघटना फुटायलाही तितकेच. कोणी गुपचूप मंडळाला एलईडी पडदा, टी-शर्ट, मंडप देऊ केला तर तो संघटनेच्या नावावर घेऊ नये.

पैसा. संघटना वर्गणीवर चालली पाहिजे, आणि वर्गणी संस्थेची. आठ संस्थांनी महिन्याला अडीच हजार दिले तर २० हजार होतात. एका कार्यकर्त्याचे मानधन निघते. देणगीदार कंपनीच्या पैशावर सुरुवात केली तर तिच्या कंत्राटी कामगारांचा पगार विचारायची वेळ येईल तेव्हा काय करणार? न्यासाचा पैसा मात्र न्यासाच्या उद्देशांतच खर्च करता येतो; विश्वस्तांनी ठराव न करता दिलेला हजार रुपयाही पुढे धर्मादाय आयुक्तांकडे तक्रारीला निमित्त होतो. म्हणून भजनी मंडळाने, महिला गटाने, जमातीने स्वतःच्या वर्गणीतून द्यावे आणि पावती पुस्तक ठेवावे. नोंदणीची घाई नको. पहिले वर्ष नुसती समन्वय समिती पुरे. नोंदणी झाली की पदांवरून भांडणे सुरू होतात, आणि भांडण करण्याजोगे काम अजून झालेलेच नसते.

मोडते कशामुळे? बहुतेक वेळा धर्मगुरू बदलल्यामुळे. फादरांची बदली होते, मौलाना गावी परततात, भन्तेजी दुसऱ्या विहारात जातात. त्यांच्या उत्साहावर उभी असलेली शाखा तीन महिन्यांत बसते. उपाय एकच: पहिल्या दिवसापासून प्रत्येक संस्थेत पाच ते सात सामान्य माणसांचा गट हवा, धर्मगुरूशिवाय बैठक घेऊ शकणारा. दुसरे कारण म्हणजे विजयानंतरचा आळस. पीएफ जमा व्हायला लागला, सगळे घरी गेले, आणि चौथ्या महिन्यात तो पुन्हा थांबला. म्हणून मान्य झालेल्या प्रत्येक गोष्टीला दोन राखणदार नेमा, महिन्यातून एकदा पासबुक बघणारे. तिसरे, एकच बोलका पुढारी. त्याला बाजूला करू नका, पण सलग दोन सभांत माईक देऊ नका.

ग्रामीण भागात काम असेल तर ग्रामसभा हाताशी आहे: वर्षातून किमान चार, आधी महिलांची सभा, गणसंख्या (सभेला लागणारी किमान हजेरी) १५ टक्के किंवा १०० मतदार यांतले जे कमी असेल ते. शंभर माणसे आणू शकणाऱ्या संघटनेला तिथे ठराव लिहून घेता येतो. इतिवृत्त त्याच दिवशी वाचून सही झाल्याशिवाय उठायचे नाही. शहरात महापालिकेचे अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत मांडले जाते, म्हणून पैशाची मागणी दिवाळीच्या आसपास अधिकाऱ्याच्या टेबलावर हवी. जानेवारीत गेलात तर ‘पुढच्या वर्षी बघू’ ऐकून याल.

तुमच्या वस्तीत पाच संस्था आहेत, ही सुरुवातीला पुरेशी संख्या आहे. पहिल्या महिन्यात फलक नको, नाव नको, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तर नकोच. ग्रुप झाला की लोक भेटी घेणे थांबवून ‘सुप्रभात’ पाठवायला लागतात. प्रत्येक संस्थेतून चार माणसे निवडा, त्यांना एकमेकांवरच भेटीचा सराव करू द्या, मंदिरवाल्याने मशीदवाल्याशी, विहारातल्या बाईंनी चर्चमधल्या बाईंशी. पुढच्या अन्नदानाच्या दिवशी वाढायला दहा जण ठेवा आणि दहा जणांना पंगतीत जेवायला बसवा, शेजारच्याला कामाचे विचारायला. शंभर रुपयांची एक जाड वही आणा. पहिल्या पानावर चार रकाने आखा: नाव, काम कुठे, पैसे कोण देतो, कोणाचा शब्द मानतात.